तलासरीचा हिरवा मांडव आणि भिंत झालेले मामा

ही पोस्ट कधीच यायला हवी होती. रोज लॅपटॉप उघडायचो, ‘डहाणू’ टाइप करायचो आणि चहा करायला उठायचो. आळस होताच, पण नुसता आळस नव्हता. जिला शिकवायला गेलो, तिचं पुढे काय झालं हेच मला कळलं नव्हतं. मग लिहिणार काय?

मी कॅमेरा शिकवतो. क्लास वगैरे नाही. एका वेळी एकच माणूस, त्याचाच कॅमेरा, आणि मी त्याच्या गावी जातो. स्वतः बारावीनंतर एका लग्नवाल्या फोटोग्राफरच्या बॅगा उचलत शिकलो, तेवढंच माझं शिक्षण. तर डहाणूजवळच्या नरपडहून हर्षलाचा फोन आला. “दादा, फ्लॅश मारला की माणूस भुतासारखा दिसतो. रविवारी तलासरीला मैत्रिणीचा साखरपुडा आहे, माझं पहिलंच काम. याल का?” समुद्र फुकटात मिळत होता. लगेच हो म्हटलं.

नाशिकहून जाणाऱ्यांनी जव्हारमार्गे एसटी धरावी. वळणं पोटाला त्रास देतात, म्हणून सकाळी हलकंच खा. मी मिसळ खाल्ली आणि पस्तावलो. डहाणू रोड स्टेशनबाहेरून नरपडला शेअर रिक्षा मिळते, पण भरल्याशिवाय हलत नाही. राहायला चिकूच्या वाडीतली खोली घेतली. पंखा वाजतो, बाकी स्वच्छ.

हर्षलाचं घर बंदराकडे. अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते आणि ओट्यावर तिचे बाबा, दामूकाका, जाळं विणत बसले होते. शिकवणी चालली तेवढा वेळ ते तिथून उठले नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, “कॅमेरा हिच्या मामेभावाचा हाय. रविवारचा काम बिघडला तर त्याचा त्याला परत. हिला उंबरगावला कंपनीत लावतो. तिकडं बोलून ठेवलाय.”

हर्षला खाली बघून लेन्स पुसत राहिली. पुसून झालेली लेन्स.

मॉडेल म्हणून तिची आई बसली. पहिला फोटो थेट फ्लॅशचा. कपाळ पांढरंफेक, मागे भिंतीवर काळी सावली. आईने स्क्रीन बघितली आणि म्हणाली, “ही मी नाय. ही मेलेली सासू माजी.”

मग मी शिकवलं, फ्लॅश तोंडावर मारायचा नाही. त्याचं डोकं वर वळवायचं. उजेड छतावर आपटून खाली येतो, मऊ होतो, सगळ्या चेहऱ्यावर पसरतो. घराला चुना मारलेला स्लॅब होता, त्यामुळे जमलं. आईचे गाल, नथ, डोळ्यांतली चमक, सगळं नीट आलं. हर्षलाने न थांबता पन्नासेक फोटो काढले. “मांडवातही असंच?” तिने विचारलं. “असंच,” मी म्हटलं आणि बोर्डीला भटकायला गेलो. सुरूच्या बनात झोप काढली, घोडागाडीवाल्याशी उगाच घासाघीस केली, भजी खाल्ली. बोर्डी चुकवू नका. पण हाताशी काम असेल तर आधी काम करा. मांडव कसला आहे हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

रविवारी हर्षला बाबांच्या मोटरसायकलवर पुढे गेली. मी मागून जीपने निघालो. आशागडजवळ ताडगोळे दिसले, उतरलो, जीप निघून गेली. दुसरी मिळून चारोटीला हायवे लागेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या आणि नवऱ्याकडच्या बायका हर्षलाभोवती जमल्या होत्या.

मांडवाचं कापड हिरवंगार होतं. वर मारलेला उजेड हिरवा होऊनच खाली येत होता.

“अगो, नवरीवर शेवाळ चढलंय काय?” एक आत्या म्हणाली. सगळ्या हसल्या. नवरी हसली नाही. मागच्या खुर्चीत दामूकाका हाताची घडी घालून बसले होते.

“दादा?” हर्षला म्हणाली. तिने स्क्रीन माझ्यापुढे धरली.

“थेट मार,” मी म्हटलं. तिने मारला. पुन्हा भूत.

ती इकडेतिकडे बघत राहिली. मग सरळ नवऱ्याच्या मामांकडे गेली. दणकट माणूस, नवा कोरा पांढरा सदरा. “मामा, जरा नवरीच्या बाजूला उभे राहा. अजून जवळ. फोटोत नाही येणार तुम्ही.”

“मग उभा कशाला करतेस?”

“भिंत म्हणून.”

मांडव हसला. हर्षलाने फ्लॅशचं डोकं मामांच्या पोटाकडे वळवलं आणि बटण दाबलं. सदऱ्यावर आपटून बाजूने शांत, पांढरा उजेड आला. नवरी नवरीसारखी दिसली. त्यानंतर मामांना फुरसतच नाही. “मामा, आता आजीजवळ.” “मामा, वरण सांडू नका, अजून जावयांचे फोटो राहिलेत.” मामा कुरकुरत होते, पण प्रत्येक फोटो बघायला सगळ्यांच्या आधी वाकत होते.

अंगठ्यांचे फोटो मात्र हिरवेच राहिले. नंतर कॉम्प्युटरवर रंग बराचसा उतरवला, सगळा उतरला नाही.

निघताना दामूकाकांनी स्क्रीनवर एकेक फोटो पाहिला. “ह्यो मामा दर लग्नाला कुठून आणणार तू?”

“पांढरं कापड नेईन, बाबा.”

मी विचारलं, “मग काका, कॅमेरा?” ते म्हणाले, “बघू,” आणि गाडीला किक मारली.

नाशिकला घरी आल्यावर दोनदा फोन केला. हर्षलाचं उत्तर तेच, “बाबा काही बोलत नाहीत. मामेभाऊ मागतोय.” म्हणून ही पोस्ट अडली होती. मधल्या काळात माझं शिकवणं थोडं बदललं. आता बटणांच्या आधी विचारतो, डोक्यावर काय आहे, बाजूला काय आहे. आणि शिकणाऱ्याच्या पहिल्या कामाला वेळेवर पोचतो, ताडगोळे दिसले तरी.

आज शेवटाशिवायच टाकून देऊ म्हणून बसलो होतो. इथपर्यंत आलो आणि घरमालकीणबाईंनी खालून हाक मारली, कोणीतरी आलंय म्हणून. जिन्यात दामूकाका उभे आहेत. एकटेच, जव्हारच्या एसटीने आलेले, हातात टॉवेलात गुंडाळलेला फ्लॅश.

“पेटत नाय,” ते म्हणतायत. “परवा बोर्डीला एका लग्नाचा काम हाय तिला. दुरुस्तीवाला कुठं बसतो ते दाखव, चहा नंतर.”