नानांचा हात

एके काळी नाना पटावर बसले की समोरचे घोडे दाणापाणी सोडायचे, शप्पथ! काल तालुक्याच्या बुद्धिबळ स्पर्धेतही ते दोन चालींत जिंकणार होते. प्याद्याकडे निघालेला त्यांचा हात थरथरला आणि शेजारच्या वजिराला लागला.

"हात लागला, आजोबा. आता वजीरच हलवा," समोरची मुलगी म्हणाली.

"माहितेय गं. तुझ्या बापालाही मीच शिकवलाय हा नियम."

वजीर कुठंही ठेवला तरी मरणारच होता. नानांनी ठेवला. डोकं शेवटपर्यंत आपल्या बाजूनं लढतं. अंगच आधी फितूर होतं.

मग त्यांनी चाली लिहायचा कागद तिच्यापुढे सरकवला. "एवढी चाल तूच लिही, बाळ. मला लिहवत नाही."

तिनं सुवाच्य अक्षरात नानांची हार लिहून दिली.