जिथून चालते तिथूनच खाते

हॅनोव्हरला लेकीकडे तीन महिने राहिले, पण तिच्याबरोबर एकदाही बसून जेवले नाही. सकाळी ती पोळीची गुंडाळी तोंडात धरून बूट घालायची आणि खात खातच ट्रामकडे पळायची. संध्याकाळी दोन ताटं मांडून बसावं, तर आल्या आल्या म्हणायची, "आई, मी तिकडेच खाल्लं काहीतरी." चीड यायची. कुणाला सांगणार?

ती अमीबावर डॉक्टरेट करते. एका रविवारी मला प्रयोगशाळेत घेऊन गेली. पडद्यावर राखाडी ठिपके सरपटत होते.

"ही पेशी जिथून पुढे सरकते ना, तिथेच पेला करून भोवतालचं पाणी पिते. तेच तिचं जेवण. कधी सरकायचं, कधी प्यायचं, ते आतली प्रोटीनं ठरवतात."

"डाळीतलं प्रोटीन?"

"तसलंच, पण हे मुकादमाचं काम करतं. या दुसऱ्या पेशींमधला एक मुकादम मी काढून टाकलाय."

त्या पेशी भले मोठे पेले उघडून नुसत्या पीत होत्या. जागच्या हलतच नव्हत्या.

"म्हणजे खात बसल्या की चालणं होत नाही त्यांचं."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" ती खूश झाली.

मग तू कशी गं चालत खातेस, असं ओठांवर आलं होतं. पण शेजारी तिची जर्मन मैत्रीण होती. ट्राममध्ये मात्र बोलले.

"आई, मी काय अमीबा आहे?"

"त्यांना तरी निवांत जेवायला मिळतं."

"त्यांना थीसिस नाही लिहायचा!" ती हसली आणि फोनमध्ये शिरली.

मी निघायच्या दिवशी तरी बसून जेवायचं, असं कबूल करून घेतलं. वरणभात, भरली वांगी केली. ताटं वाढली तेवढ्यात फोन वाजला. पेशी ठेवायचं यंत्र बंद पडलं होतं. "आलेच," म्हणून गेली ती विमानतळाच्या गाडीची वेळ झाल्यावरच आली. वांगी तशीच झाकून ठेवली.

फलाटावर तिने पोळीची गुंडाळी काढली, अर्धी माझ्या हातात दिली. उभ्याने खायचं नाही, ही माझ्या आईची शिकवण.

"घे ना. हेच आपलं जेवण."

घेतली. पहिला घास तोंडात गेला आणि गाडी आली. ती बॅग ओढत पुढे धावली.

"आई, चल ना!"

तोंडात घास, डोळ्यांत पाणी. गिळल्याशिवाय माझं पाऊल काही उचलेना.