टाचणी हलण्याइतकी ओढ

आमच्या विज्ञानाच्या बाई शिकवता शिकवता मध्येच थांबायच्या. शाळेसमोरच अहमदपूरचं स्टँड. तिथं एसटी लागली की बाईंचं वाक्य अर्ध्यावर राहायचं. शेवटचा माणूस उतरलेला खिडकीतून पाहिला, की त्या पुन्हा फळ्याकडे वळायच्या. आम्ही पोरींनी त्यांचं नाव चुंबकबाई ठेवलं होतं, कारण त्यांच्या पिशवीत खडूच्या जोडीला एक पट्टीचुंबक कायम असायचं.

ते टेबलावर ठेवून त्या टाचणी हळूहळू जवळ सरकवायच्या. एका जागी टाचणी टुणकन उडी मारायची.

"आता दुप्पट लांब ठेवली, तर ओढ निम्मी उरंल का गं?"

आम्ही एका सुरात "हाव!" म्हणायचो.

"निम्मी न्हाई. लई कमी उरते. संपत मात्र न्हाई बरं! टाचणी हलण्याइतकी उरत न्हाई, एवढंच."

बाई हदगावकडच्या. नोकरी लागली तेव्हा धाकट्या भावानं, भीमानं, त्यांची ट्रंक डोक्यावर घेऊन स्टँडसमोरच्या खोलीत आणून ठेवली होती. मग मोठा दुष्काळ पडला. भीमा हैदराबादकडे खडी फोडायला गेला, तो गेलाच. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. बहिणीचा पत्ता म्हणजे ती खोली. म्हणून बाईंनी ती सोडली नाही.

पुढे उस्मानाबादमधून लातूर वेगळा जिल्हा झाला, अहमदपूर त्यात गेलं आणि बाईंना लातूरला बढती आली. त्या नको म्हणत होत्या. "रिकाम्या दाराची राखण किती वर्षं करता?" असं म्हणून सगळ्यांनी त्यांना पाठवलं. नेमका त्याच उन्हाळ्यात भीमा आला. कुलूप पाहून त्यानं चहावाल्याला विचारलं.

"बाई जिल्ह्याला गेल्या की!"

चहावाल्याचं काय चुकलं? आमच्याकडे जिल्ह्याच्या गावाला नुसतं 'जिल्हा'च म्हणतात. पण दुष्काळात गेलेल्या माणसाचा जिल्हा अजून उस्मानाबादच होता. उस्मानाबादच्या गाडीत चढताना एका हमालानं त्याला पाहिलं. त्यानंतर कुणीच नाही.

बाईंनी उस्मानाबाद पालथं घातलं. शेवटी बढती सोडून त्या जुन्या खोलीत परत आल्या. मी नांदेडहून भेटायला जायची, तेव्हा भर उन्हातही दार सताड उघडं असायचं. एकदा म्हणाल्या, "इथं, या उंबऱ्यापाशी उभा होता गं माझा भीमा."

बाई आता नाहीत. खोलीला पुन्हा कुलूप आहे. तरी अहमदपूरला गाडी थांबली की मी खाली उतरते आणि त्या दारासमोर थोडा वेळ उभी राहते. कुणी विचारलंच, तर नीट सांगायला कुणीतरी असावं.