अप्पाराव मॅनेजरचा चहा

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या प्लँटवर, नव्वद सालाच्या सुमारास, आठ बाया बाजरीचं बी निवडायच्या. त्यांच्यात सगळ्यात तोंडाळ मालनबाई. कुणाची सून रुसली, कुणाचा जावई सासरी येऊन चार दिवस कोंबडीच मागत राहिला, हे सगळं तिच्याकडून ऐकावं. तिखटमीठ लावायची, खोटं कशाला बोला. पण तिच्या गप्पांत पोती कधी निवडून व्हायची ते कळायचं नाही.

दुपारी गोल करून जेवण. प्रत्येकीनं चतकोर भाकरी मधल्या फडक्यावर ठेवायची आणि दुसरीची उचलायची. मालनबाई कायम बेबीनंदाची उचलायची. ती पाटलांच्या भावकीतली, बेबीनंदा बौद्ध वस्तीतली. सासूला कळलं असतं तर म्हातारी तीन दिवस उठली नसती. पण मालनबाई सगळ्यांदेखत म्हणायची, "बेबे, तुझ्या भाकरीला पापुद्रा येतो, माझीला नुसता रुसवा!"

मग अप्पाराव मॅनेजर आला. माणूस भलताच गोड. रोज एका बाईला केबिनमध्ये बोलवायचा, कपबशीत चहा द्यायचा, दहा मिनिटं बसवून घ्यायचा. आणि दुसऱ्या दिवशी भलत्याच बाईला सगळ्यांसमोर झापायचा. "काल दोनदा उठून गेलीस. मला सगळं कळतं." कसं कळतं? प्रत्येक बाई मनात विचार करायची, काल चहा कोण पिलं?

एक दिवस चहाचा मान बेबीनंदाला मिळाला. दुसऱ्या दिवशी मालनबाईचा नंबर लागला.

"तोंड चालवायचा पगार देतो का मी? उद्यापासून घरी बसशील."

दुपारी फडक्यावर बेबीनंदाची भाकरी होती. तिला हात न लावता मालनबाईनं पुष्पाबाईची उचलली.

"का गं माले?" बेबीनंदानं विचारलं.

"काई न्हाई. आज भूकच न्हाई," असं म्हणत मालनबाई पुष्पाबाईची भाकरी चावत होती!

बेबीनंदा आठ दिवस भिंतीकडे तोंड करून जेवली, मग काम सोडून आपल्या गावी, केदारखेड्याला निघून गेली. गोल मोडला. सात बाया सात कोपऱ्यांत बसू लागल्या. शेजारणीच्या ढिगात खडा दिसला तरी कुणी सांगेना. खड्यांसकट पोती माघारी येऊ लागली. मालनबाईच्या गोष्टी तर आटूनच गेल्या. अशी चार वर्षं गेली. मग अप्पारावला बढती मिळाली. हो, बढतीच!

नवा मॅनेजर भोळा. पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांना चहा मागवला. सात कपांवर साय धरली, पण कुणी हात लावेना.

"मी न्हाई पीत," पुष्पाबाई म्हणाली. "मंग उद्या कुणाचा नंबर?"

मालनबाईनं तिला धरलंच. "पुष्पे, खरं सांग, केबिनमधी तुला काय इचारलं त्या अप्पारावनं?"

"माझ्या म्हशीचं. किती दूध देते म्हून."

"मला लोणच्यात मीठ किती ते इचारलं!"

एकेक करून सगळ्या बोलल्या. कुणालाच दुसरीबद्दल काही विचारलं नव्हतं, कुणीच कुणाचं काही सांगितलं नव्हतं. मालनबाई उठून केबिनमध्ये गेली आणि मॅनेजरच्या खुर्चीपाशी उभी राहिली. समोरच्या काचेतून सगळा हॉल तळहातावर असल्यागत दिसत होता.

त्याच रविवारी ती एसटीनं केदारखेड्याला गेली. बेबीनंदा दारात सुपात मठाचे दाणे निवडत बसली होती. मालनबाईनं पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"मला वाटलं, माझी चुगली तू केली, बेबे."

बेबीनंदाचा हात थांबला. "चुगली? मला वाटलं, मी कोण हाये ते तुला आठवलं."

"देवाशपथ, तसं बिलकुल न्हाई गं!"

"मंग तवाच भांडायचं व्हतं. चार वरसं मी तेच उराशी धरून बसले."

ती आत गेली, ताटात आख्खी भाकरी घेऊन आली. "खा. पाव्हणी हायेस."

मालनबाईनं चतकोर मोडून तिच्यापुढे धरला.

"माझं जेवण झालं," बेबीनंदा म्हणाली आणि पुन्हा मठ निवडायला लागली.

भाकरीला पापुद्रा आला होता. मालनबाईनं ती सगळी खाल्ली, मोडलेल्या चतकोरासकट.