मावसबहिणीच्या सरकारी काळज्या

सरकारच्या काळज्या इतक्या मनापासून घरी आणणारं माणूस खुद्द सरकारनंही पाहिलं नसेल. माझी काटोलची मावसबहीण कॉलेजसाठी आमच्या धरमपेठेतल्या घरी राहायची आणि दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या सरकारी खात्यात शिकाऊ म्हणून जायची. बिनपगारी! कारण तिच्या वडिलांनी, म्हणजे मावसाजींनी, बजावलं होतं की पदवी हाती येईस्तोवर काय व्हायचं ते ठरव, नाहीतर मी मुलगा ठरवतो. मावसाजी संत्र्यांचे बागायतदार, बोलले की बोलले. त्यामुळे तिचा जीव कायम टांगणीला आणि तिच्यापायी आमचाही.

पहिल्या उन्हाळ्यात ती हिवतापाच्या खात्यात गेली. नागपूरचा मे महिना, आणि ही बाई घरात शिरली की आधी कूलरची टाकी रिकामी करायची. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात म्हणे. खात्यानं आठवड्यातून एकदा करायला सांगितलं होतं, पण हिचा आठवडा रोज उजाडायचा. माझे बाबा बनियनवर, गरम वारा फेकणाऱ्या कूलरसमोर घामाघूम बसलेले असायचे. एकदा न राहवून म्हणाले, "बाई, डास मले चावू दे, पण पाणी राहू दे." ती दुपारभर रडली आणि संध्याकाळी शेजाऱ्यांची टाकी रिकामी करून आली.

दुसऱ्या उन्हाळ्यात भूगर्भ खातं. तिथं तिला कुणीतरी शिकवलं की दगड ओळखायचा तर जिभेला लावून बघावा, मातीचा असेल तर चिकटतो. झालं! सावनेरच्या खाणीकडचे दगड आमच्या देवघरापर्यंत पोचले. नेमका त्याच सुमारास मावसाजींनी हेरून ठेवलेल्या मुलाचा मामा सहज म्हणून डोकावला. ही अंगणात, जिभेला खडा लावून, डोळे मिटून विचारात बुडालेली. मामांनी निमूट चहा घेतला आणि काटोलला निरोप धाडला की पोरीले माती खायची सवय आहे. आम्ही हसून बेजार झालो. मावसाजी मात्र हसले नाहीत, पदवीची आठवण तेवढी त्यांनी पुन्हा करून दिली.

तिसऱ्या उन्हाळ्यात हवामान खातं, आणि आईच्या कुरडयांचे हाल. उत्तरेला बोटभर ढग दिसला की ही गच्चीवरच्या सगळ्या कुरडया खाली आणायची. "येईलच असं नाही वं मावशी, पण शक्यता आहे." ऊन असं की गच्चीवर पाय ठेववत नव्हता. त्या वर्षी कुरडया वाळल्या त्या जिन्यात.

मग पदवीचा दिवस जवळ आला. तिन्ही खात्यांत मुलाखती देऊन झाल्या होत्या आणि उत्तर कुठूनच नव्हतं. तिला जेवण जाईना. एकदा ती जिन्यात बसली असताना मी चेष्टेनं विचारलं, आता पुढच्या उन्हाळ्यात कोणतं खातं?

"हर खात्याची एक काळजी असते गा," ती म्हणाली. "मी तिन्ही करून पाह्यल्या. जन्मभर कोन्ती पुरंल, तेच समजून नाही राहिलं. अन् नाही समजलं, तर बाबांनी संसाराची ठेवलीच आहे काढून."

मला हसू आलं नाही. खरं सांगतो, मी तर एकही करून पाहिली नव्हती.

शेवटी हवामान खात्यानं तिला घेतलं, पण नेमणूक दिली थेट कोकणात, समुद्रकाठी. मार्चमध्ये आम्ही तिला सोडायला स्टेशनवर गेलो. मावसाजी संत्र्यांची टोपली घेऊन आले होते. त्यांनी एवढंच विचारलं, की काटोलवर गारा येणार असल्या तर तिथं तुले समजते का. ती म्हणाली, नाही बाबा, तिथं समुद्राचं समजते. त्यांनी मान हलवली आणि टोपली तिच्या सीटखाली नीट सरकवून दिली.

गाडी हलली. सवयीनं मी म्हटलं, "काळजी घे."

खिडकीतून तिनं अगदी गंभीरपणे विचारलं, "कोन्ती?"

मावसाजी गाडीबरोबर चार पावलं चालत गेले.

"आमची सोडून कोन्तीबी घे, माय," ते म्हणाले.

घरी आलो तर आईनं गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. आभाळाकडे बघायला कुणी नव्हतं. मग मीच जाऊन बघत बसलो.