थेंब न गळणारा टेम्पो

संध्याकाळी सहा-साडेसहाला माझ्या खोलीतला दिवा मंद व्हायचा. विझायचा नाही, नुसता पिवळा पडून राहायचा, मग उजळायचा, पुन्हा पिवळा. पंखाही त्याच्यासोबत दम खायचा. पनवेलच्या कोळीवाड्यात, खाडीकडेच्या एका घराच्या माडीवर मी नुकतीच भाड्यानं राहायला आले होते. साल २०१२. विम्याच्या कचेरीतली नोकरी, पुण्याचं माहेर आणि नाकाच्या शेंड्यावर राग, एवढंच सामान बरोबर होतं. तीन दिवस सोसलं आणि चौथ्या दिवशी भांडायला खाली उतरले.

शेजारच्या अंगणात एक माणूस उकिडवा बसून वेल्डिंग करत होता. त्याच्यामागे अर्धामुर्धा टेम्पो उभा होता. पुढे केबिन, मागे चाकांवर नुसते दोन लांब लोखंडी चॅनल, वर काहीच नाही.

"अहो, तुमच्या या मशिनपायी माझा फ्रिज आचके देतोय!" मी ओरडले.

त्यानं तोंडावरची काच बाजूला केली. पन्नाशीला टेकलेला, भुवया जळून विरळ झालेल्या, चेहरा मात्र आत्ताच झोपेतून उठल्यासारखा निवांत. "हां ताई," तो म्हणाला, "मशिन मागून आनलाय. जुना हाय, आख्ख्या आळीचा करंट पितो. बसा तुमी. वेणू, ताईंना च्या दे."

भांडायला गेलेली मी चहा पिऊन परत आले. माझं हे नेहमीचंच.

हा काशिराम. कळंबोलीच्या एका गॅरेजात बावीस वर्षं ट्रकच्या बॉड्या बांधत होता. त्यानं बांधलेले ट्रक पार कुठल्या कुठे जात, आणि प्रत्येकाच्या मागच्या फळीवर गॅरेजमालकाचं नाव रंगवलेलं असे. त्याची बायको वेणू सांगायची, की रस्त्यानं जाताना एखादा ट्रक बघून हा थांबतो, फळीखाली हात घालून जोड चाचपतो आणि म्हणतो, "ह्यो माजा." ट्रकवाले त्याला चोर समजून हाकलत.

अंगणातला तो अर्धा टेम्पो त्याच्या थोरल्या बहिणीचा, भामाचा. भामा उरणहून मासळी आणून पनवेलच्या बाजारात विकायची. तीस वर्षं दुसऱ्याच्या गाडीत पाटी ठेवून आली, तेव्हा कुठे स्वतःची गाडी घेतली. तिला बॉडी काशिराम बांधणार होता, घरच्या अंगणात, नारळी पुनवेच्या आत. कारण पुनवेनंतर होड्या समुद्रात जातात आणि मासळीला तोटा राहत नाही. त्यासाठी काशिरामनं दोन महिन्यांची रजा काढली होती. ही गाडी जमली, तर तो कायमचा अंगणात काम करणार होता. नाही जमली, तर पुन्हा कळंबोली, पुन्हा दुसऱ्याचं नाव.

आणि त्या अंगणाची एक गंमत होती. गाडी जिथे उभी होती, तिथे पूर्वी पावसाळ्यात काशिरामच्या बापाची, दयारामची होडी ओढून ठेवलेली असायची. खाडीतली मासळी सरली तशी होडी विकली. पण ती जागा मोकळीच राहिली. तिथे कोणी कपडे वाळत घालत नसे, सुकट पसरत नसे. वाटही जरा वळसा घालून गेलेली होती, नसलेल्या होडीला धक्का लागू नये म्हणून. भरतीच्या वेळी खिडकीतून बघितलं, तर मलासुद्धा तिथे काहीतरी हलकेच डुलतंय असं वाटायचं.

तर मुद्दा मशिनचा. घरासाठी मशिन घ्यायचं ठरलं आणि माझा दिवा त्यात गुंतलेला असल्यामुळे मीही दुकानात गेले. वेल्डिंगची मशिनं विकणाऱ्या कृष्णकांतचं दुकान जुन्या बाजारात. काशिरामनं मुद्दाम भर दुपारची वेळ धरली, कारण तेव्हा बाजारातलं व्होल्टेज पडलेलं असतं. "चांगल्या करंटवर कुनीपन नाचतो," तो म्हणाला.

दुकानात तीन मशिनं होती. एक तांब्याच्या तारेचं, दोन माणसांनी उचलायचं. "हे नातवंडं वापरतील," कृष्णकांत म्हणाला. दुसरं गॅसच्या सिलिंडरवर चालणारं, त्यातून तार आपोआप येते. काशिरामनं त्याला हातही लावला नाही. खाडीवरचा वारा गॅस उडवून नेतो, जोड आतून पोकळ राहतो, असं त्याचं म्हणणं. तिसरं इन्व्हर्टरचं, शिलाई मशिनच्या पेटीएवढं, खांद्याला अडकवायला पट्टा. ते बघून काशिरामला हसूच आलं. बावीस वर्षं घरघरणाऱ्या राक्षसांपुढे बसलेला माणूस तो, त्याला ते खेळणं वाटलं.

"लावून दाखवा," वेणू म्हणाली.

ठिणगीकडे बघायचं नसतं म्हणून वेणूनं आणि मी भिंतीकडे तोंड केलं. काशिरामनं आधी मोठ्या मशिनवर रॉड टेकवला. फट्, फट्, मग चुरचुर, मग गप्प. रॉड पत्र्याला चिकटला होता.

"तेल तापला नाय," वेणू भिंतीला म्हणाली. "मासा तव्याला चिकटंल."

मग त्यानं त्या पेटीला रॉड जोडला. एक बारीक, सारखा, न तुटणारा आवाज सुरू झाला. वेणूचे डोळे मिटलेले, ओठावर हसू. "आता बरोबर," ती म्हणाली. "आता टाक मांदेली."

कृष्णकांत बघतच राहिला. काशिरामनं जोड ठोकून बघितला, वाकवून बघितला, चॅनलच्या जाडीचं लोखंड मागून घेऊन त्यावर चालवून बघितलं, आणि पट्टा खांद्याला लावला. खाऱ्या हवेनं आतली सर्किटं गंजतात, असं कृष्णकांतनं बजावलं, तर वेणूनं घरी जाऊन त्याला जुन्या नऊवारीचं आवरण शिवलं. त्या संध्याकाळी माझा दिवा एकदाही पिवळा पडला नाही. खरं सांगायचं तर मला थोडं चुकल्यासारखं झालं, आणि मी उगाच खिडकीत जाऊन उभी राहिले.

पुढचा दीड महिना मी खिडकीतच राहिले म्हणा ना. पाऊस थांबला की खाली निळा उजेड लागायचा आणि ओल्या अंगणावर, केळीच्या पानांवर, खाडीच्या पाण्यावर सांडायचा. चॅनलवर आडवे तुकडे आले, त्यावर पत्रा, मग बाजू. काशिराम बोलायचा नाही. जेवायलाही हाका माराव्या लागायच्या. पुढच्या बाजूला त्यानं कडा जराशा उचलल्या, तेव्हा मी विचारलं, हे कशाला? तो गोंधळून म्हणाला, "बरा दिसतो ना?"

काम संपलं तेव्हा त्यानं बॉडीत पाणी भरलं. अख्खा कोळीवाडा बादल्या घेऊन आला. पाणी रात्रभर ठेवलं. सकाळी खाली थेंब नाही. म्हाताऱ्यांनी वाकून, बोटं फिरवून जोड तपासले. "दयारामचा पोर हाय," ते म्हणाले. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. मग ते पाणी काढायचं कसं? तर डब्यांनी उपसलं, होडीतलं उपसतात तसं. उपसतानासुद्धा एकाही शहाण्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही, आणि त्यात पदवीधर म्हणून मीही आले.

पुनवेनंतर तिसऱ्या दिवशी भामा पहिली खेप घेऊन आली. गाडी अंगणात उभी करून ती उतरली आणि कमरेवर हात ठेवून भावासमोर थांबली. लुगडं पोटऱ्यांपर्यंत भिजलेलं.

"काश्या, काय बांधलास रं? बरफ वितळला, पानी जायाला वाटच नाय. वळनावर सगळा पानी एका अंगाला. गाडी पालथी व्हायची वाचली. खालची मासळी भिजून मऊ झाली, कुत्रा खाईना."

काशिराम वाकून तळाचे जोड चाचपायला लागला. मासळीच्या गाडीतून पाणी गळायला हवं, गळतच असतं, सगळ्या रस्त्याला तो वास माहीत आहे. बावीस वर्षांत त्याला हे कळत नव्हतं असं नाही. पण होडीच्या त्या जागेवर उभं राहून त्याच्या हातांनी जे बांधलं, ते पाण्याला आत-बाहेर जाऊ न देणारं होतं.

"उद्या खाली धा भोकं पाडून दे," भामा म्हणाली, "नायतर मी कळंबोलीला नेते." आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशिराम ड्रिल घेऊन गाडीखाली झोपला. मी चहा करून प्यायले, आंघोळ केली, डबा भरला. ड्रिलचा आवाज नाही. खाली गेले तर तो तसाच उताणा, ड्रिल छातीवर. डोळ्यांतून पाणी कानात चाललेलं.

"हात उठत नाय ताई," तो म्हणाला. "तळाला भोक पाडायचा?"

मला राग आला, कोणाचा ते ठाऊक नाही.

वेणू दारात उभी होती. ती आत गेली, आणि आली तेव्हा तिच्या मुठीत काहीतरी होतं. ती गाडीशी बसली. "मामंजींच्या होडीला भोक नव्हता?" तिनं विचारलं.

तिच्या हातात लाकडाचं एक बूच होतं, झिजून काळं, गुळगुळीत. होडीच्या तळाला असतं तसं. समुद्रात घट्ट बसवायचं, किनाऱ्याला लागलं की काढायचं, मग साचलेलं पाणी निघून जातं. होडी विकली त्या दिवशी दयारामनं ते काढून खिशात घातलं होतं, आणि तो गेल्यापासून ते देव्हाऱ्यात देवांशेजारी होतं. वेणू रोज त्यालाही हळद-कुंकू लावायची.

काशिरामनं ते बराच वेळ धरून ठेवलं. मग पत्र्यावर टेकवून खडूनं गोल आखला. एकच भोक पाडलं, मागच्या अंगाला, त्या बुचाच्या मापाचं, आणि त्याला आतून लोखंडी कडं जोडलं. वाटेत पाणी साचलं की भामानं गाडी थांबवून बूच काढायचं, असं ठरलं. मला कचेरीत जायला उशीर झाला. साहेबांना मी सरळ सांगितलं, शेजारी होडीचं काम होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुपारीच घरी आले. काशिराम ओसरीवर जेवायला बसला होता, वेणू वाढत होती. भामाची गाडी अंगणात येऊन उभी राहिली, नेमकी होडीच्या जागेवर. भामानं खाली वाकून बूच ओढलं. आणि पाणी पडायला लागलं, जाड धारेनं, दगडांवर, खाडीच्या उताराकडे.

लहानपणी बाप किनाऱ्याला लागून होडीचं बूच काढायचा, तेव्हा हाच आवाज ऐकून ही भावंडं घरातून धावत सुटायची, असं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की काशिरामचा घास हातातच राहिला आणि पन्नाशीचा तो माणूस ताटावरून अर्धा उठला.

"बाबा आला," तो म्हणाला.

भामा बूच हातात घेऊन तिथेच खाली बसली.