काजव्यांचा म्होरक्या

वर्गणी दिल्याच्या हक्कानं मी धारूरच्या गणपती मंडपात डोकावलो. गावात केबलबरोबर आलेला एक टीव्ही मेकॅनिक कानावर टेस्टर खोचून साबणाच्या डब्यांचे काजवे करत होता. प्रत्येक डबीत दिवा, उजेड टिपणारा डोळा अन् प्रोग्राम भरलेली चिप. वायर कुठंच नाही. शेजारणीचं लुकलुकणं बघून प्रत्येक डबी आपलं जुळवून घ्यायची. बघता बघता सगळ्या एकदम लुकलुकू लागल्या.

"ह्यांचा म्होरक्या कोणता?" मी विचारलं.

"म्होरक्या न्हाई, म्हणून तर जमतंय."

आरतीला लाल दिव्याच्या गाडीतून पाहुणे आले. गाडी दारात थांबताच काजव्यांनी आपला ताल सोडून तिच्या फिरत्या दिव्याचा धरला.

"बिघडले का हो?"

पाहुण्यांपुढं कमरेत वाकलेल्या कार्यकर्त्यांकडं बघत मेकॅनिक गालात हसला.

"बिघडले न्हाईत. इथली हवा लागली त्यांना."